जेवताना इंग्रजीबंदी

तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडताना ऋतिकाने मनाशी ठरवून टाकलं, आज तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

कुळगावातल्या त्यांच्या घरी गेला महिनाभर जेवताना इंग्रजीबंदी होती. ही टूम तिच्या नवऱ्याची, सुयोगची. जो इंग्रजी शब्द उच्चारेल, त्याने भांडी घासायची. पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली होती. कुकरला म्हणायचं शिट्टीचं भांडं, फ्रिजला गारकपाट, चार्जरला फोनची शिदोरी. बटाटा आणि चावी पोर्तुगिजांकडून आलेले, म्हणून त्यांना माफी. सुयोगला असल्या गमतींची हौस दांडगी, आणि पठ्ठ्या सहसा अडकतही नसे.

अडकायची ती ऋतिका. अंबरनाथच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी फोनवर इंग्रजीतून ऐकायच्या, वर ‘सॉरी सर’ म्हणत राहायचं. घरी आल्यावर जीभ कुठली वळायला? ‘आज ट्रॅफिक’ एवढं म्हणते न म्हणते तोच सुयोग टाळी वाजवायचा. मोरीतला ढीग तिच्या वाट्याला. आधीही तो तिच्याच वाट्याला होता म्हणा, पण तेव्हा निदान हरल्यासारखं वाटत नव्हतं. दमलेल्या माणसाला थट्टाही जड होते.

सासूबाई, कौसाबाई, मात्र एकदाही हरल्या नव्हत्या. जांभूळ गाव त्यांचं माहेर, शाळा तिथेच चौथीत सुटलेली. आईला इंग्रजी येतच नाही, मग ती हरणार कशी, असं सुयोग कौतुकाने सांगायचा.

त्याने आज ऋतिकाला कालवण हवं का विचारलं, तिने मान हलवली. कामावर काय झालं विचारलं, तिने हातानेच ‘काही नाही’ केलं. झालं बरंच होतं. एका माणसाने फोनवर तिला नाही नाही ते ऐकवलं होतं आणि ती जिन्यात जाऊन रडली होती. सांगायला गेलं तर कॉल, मॅनेजर, रेकॉर्डिंग, सगळंच आलं असतं. त्यापेक्षा गिळलेलं बरं.

“आज तू पण जिंकलीस,” सुयोग म्हणाला. “आईकडून शिकलीस ना? तिचीही हीच युक्ती. बोलायचंच नाही.”

ऋतिकाने सासूकडे पाहिलं. खरंच, लग्न होऊन आल्यापासून जेवताना त्यांना पुरतं एक वाक्य बोलताना तिने ऐकलं नव्हतं. स्वभावच शांत, असं तिने धरून चाललं होतं.

कौसाबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“मोबाइल,” त्या म्हणाल्या. “मिक्सर. टेन्शन. डॉक्टर. अजून सांगू?”

सुयोग हसायला गेला, पण आईचा चेहरा पाहून थांबला.

“हारली मी. भांडी मी घासीन.” मग त्या सुनेकडे वळल्या. “तू गप नको बसू गो. माझा जल्म गप बसन्यान गेला. काय झाला आज, तुला येल तसा सांग.”

ऋतिकाला एकदम भरून आलं. ती घोटभर पाणी प्यायली.

“आई, आज एक कस्टमर होता ना...”

मग तिच्या बोलण्यात कॉल आला, होल्ड आला, मॅनेजरही आला. शब्दामागून शब्द येत गेले आणि ऋतिकाने एकही अडवला नाही. सुयोगने टाळी वाजवली नाही. थोड्या वेळाने तो आपलं ताट घेऊन उठला, मोरीपाशी गेला आणि बाह्या वर सारून त्याने नळ सोडला.

“बारीक सोड रं,” कौसाबाई मागे न बघता म्हणाल्या. “ती बोलतंय.”