पुस्तकातलं मूल रडत का नाही

"मॅडम, मूल मेलेलं आहे असं सरळ लिहून टाका," संपादक फोनवर म्हणाले. "उगाच घोळ घालू नका."

माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात माझ्या लेकीचा, ठकीचा, एक मोजा, आणि जोडीचा मोजा ठकीच्या तोंडात. मी म्हटलं, "मेलेलं कुठं आहे? कादंबरीत तसं एक वाक्य नाही."

"तेच तर! वाक्य नाही म्हणूनच ते प्रतीक. दुसऱ्या कंपनीच्या गाईडमध्ये मूल मेलेलंच आहे. पोरं तेच लिहितात, तपासणारे त्यालाच गुण देतात. आपण ते जिवंत ठेवून धंदा बुडवायचा का?"

मी फोन ठेवला आणि ठकीच्या तोंडातून मोजा ओढून काढला. तिनं भोकाड पसरलं. ज्या बाईच्या पुस्तकातलं मूल मी मारायचं होतं, ती पलीकडच्या खोलीत दार लावून बसली होती. त्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंनी तरुणपणी एक कादंबरी लिहिली. एकच. एक बाई, तिचं तान्हं मूल, एक स्वयंपाकघर आणि बाईच्या डोक्यात दिवसभर चाललेलं दळण. छापली तेव्हा तिला कुणी हुंगलंही नाही. आता इतक्या वर्षांनी कुणाला तरी साक्षात्कार झाला आणि ती पदवीच्या अभ्यासक्रमाला लागली. पाठोपाठ गाईडवाले आले. लेखिकेची सूनच साहित्याची प्राध्यापक, तीही मुलासाठी रजा घेऊन घरी, म्हटल्यावर त्यांना आयतंच सापडलं. "घरबसल्या होईल," म्हणाले. दुडुदुडु पळणारं मूल घरात असताना कोण बसतं, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.

गाईडचा साचा ठरलेला. प्रत्येक प्रकरणाला एक प्रतीक, एक वाङ्मयीन तंत्र आणि खाली चौकटीत 'परीक्षेत काय लिहावे'. कढई म्हणजे संसाराची आच. खिडकी म्हणजे स्वातंत्र्य. खिडकीला गज असले तर अर्धे गुण जास्त. हे सगळं मीही वर्गात शिकवलेलं, त्यामुळे कुणाला बोल लावू?

पण माझा जीव गाईडमध्ये नव्हताच. सोमवारी मला कॉलेजात रुजू व्हायचं होतं. नाही झाले तर जागा दुसऱ्या कुणाला देणार, हे प्राचार्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. पाळणाघराचा प्रयोग करून झाला होता. ठकीनं तिथे अन्नाला तोंड लावलं नाही आणि ताप घेऊन घरी आली. उरल्या सासूबाई. त्यांना मी विचारलं, "आई, सोमवारपासून ठकीला तुम्ही बघाल ना?"

त्या म्हणाल्या, "बघू."

या एका शब्दानं माझी झोप उडवली. 'बघू' म्हणजे हो, की नाही, की हो म्हणायचं नाही म्हणून बघू? मग मी खुणा शोधायला लागले, सवयच ती. जेवणं झाली की त्या खोलीत जाऊन दार लावून घेत. पूर्वी लावत नसत. मी ठरवलं, नाराजी. ठकी पडली की उचलायला धावत नसत. "ऊठ गं, फरशी फुटली नाही," म्हणत. मी ठरवलं, अलिप्तपणा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सरळ विचार ना." सरळ विचारायचं असतं तर साहित्य कशाला शिकले असते?

त्यात संपादकांनी ते मेलेलं मूल डोक्यात घातलं. मी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली, ठकीला मांडीवर धरून. पुस्तकातलं मूल खरंच रडत नव्हतं. एकदाही नाही. दूध मागत नव्हतं, अंथरूण ओलं करत नव्हतं, कूस बदलत नव्हतं. बाई त्याच्याकडे बघते, पांघरूण सारखं करते आणि पुन्हा आपल्या विचारात. प्रकरणं पुढे पुढे आखूड होत जातात. शेवटी शेवटी तर पान-दोन पानांची. प्रस्तावनेत एका विद्वानानं लिहिलं होतं की हा आईचा कोंडत गेलेला श्वास आहे. अखेरच्या पानावर बाई शेगडीवर दूध ठेवते आणि वाक्य अर्ध्यातच तुटतं.

असलं थंडगार मूल जिनं लिहिलं, तिच्या हवाली मी माझी पोर करणार होते.

दुपारी नवरा कामावर जायच्या तयारीत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याची पाळी दुपारनंतरची. सकाळची पाळी त्यानं कधी घेतली नाही, लवकर उठवत नाही म्हणून. बूट घालता घालता त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या पुस्तकातला मी मेलोय?" दाढी खाजवत त्यानं विचारलं.

"तू नाही. ते प्रतीक आहे."

"बरं, मग प्रतीकाला जायच्या आधी चहा मिळेल का?"

"तुला सगळी चेष्टाच वाटते!"

"अगं, आई आहे ती माझी. मला तिनं काय फ्रीजमध्ये वाढवलं?"

मी चहा दिला. साखर घातली नाही. त्यात मात्र कसलंही प्रतीक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी झोपली आणि मी धीर करून सासूबाईंच्या दारावर टकटक केली. त्या वेळेला कुणी दार वाजवायचं नाही हे घरात न बोलता ठरून गेलं होतं.

"कोण मेलं आता?" आतून आवाज आला.

"तेच विचारायला आलेय," मी म्हटलं.

दार उघडलं. टेबलावर कागद पसरलेले, सासूबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोटाला शाई. आजारी नव्हत्या, रुसलेल्या नव्हत्या. फक्त वैतागलेल्या होत्या. मी आत गेले आणि मनात घोळवलेली सगळी प्रस्तावना विसरून एकदम म्हणाले, "आई, तुमच्या पुस्तकातलं मूल रडत का नाही?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "झोपलंय म्हणून."

"सगळ्या पुस्तकभर?"

"मग? बाळ्या जागा असताना मी लिहिणार कधी?" बाळ्या म्हणजे माझा दाढीवाला नवरा. "तो झोपला की कागद काढायचे, उठला की ठेवायचे. समोर जे दिसत होतं ते लिहिलं. समोर काय, तर झोपलेलं पोर."

मी खाटेवर टेकले. "आणि प्रकरणं आखूड होत जातात ती? प्रस्तावनेत म्हटलंय, कोंडलेला श्वास..."

"दात येत होते त्याला. झोप टिकायची नाही. कसला श्वास न् कसलं काय!"

"शेवटचं वाक्य? दूध ठेवते आणि... तो मुक्त शेवट आहे ना? त्यावर मोठा प्रश्न असतो."

"उठला कार्टा."

"मग दुधाचं काय झालं?"

"उतू गेलं. दुधाचं दुसरं काय होतं?" सासूबाईंनी चष्मा काढला. "प्रकाशकाला म्हटलं, जरा थांबा, पुरं करून देते. तर तो म्हणाला, राहू द्या, असंच छान वाटतंय. मग मीही म्हटलं, राहू दे. पुढे बाळ्या दुपारचा झोपेनासाच झाला."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. इतके दिवस मी ते मूल घेऊन घाबरत होते आणि ते नुसतं झोपलेलं होतं. ठकीसारखं, पलीकडच्या खोलीत, पालथं, तोंड उघडं टाकून.

"तू याच्यासाठी नाही आलीस," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारसाठी आलीस."

मी मान हलवली.

"'बघू' म्हटलं ते 'नाही' म्हणवेना म्हणून. तुझी नोकरी जावी असं मला वाटेल का? पण हे बघ," त्यांनी कागदांवर हात ठेवला, "मी पुन्हा बसतेय लिहायला. सकाळी मला सुचत नाही, दुपारीच सुचतं, जळली सवय. पोरीला सांभाळायला माझी ना नाही. दुपार द्यायला आहे. एक कादंबरी अर्धी राहिली, लोकांनी तिचं कौतुक केलं. दुसरीही अर्धी ठेवून मला जायचं नाही."

त्यांचं खरं होतं आणि माझा सोमवार तिथेच होता. मी उठले, दार हळूच ओढून घेतलं.

संपादकांना मात्र मी लगेच फोन लावला. म्हटलं, खुद्द लेखिकेनं सांगितलंय, मूल झोपलेलं आहे. प्रकरणं आखूड आहेत कारण त्याची झोप आखूड होती. याहून चांगलं तंत्र-विवेचन तुम्हाला मिळणार नाही.

"मॅडम," ते दमलेल्या आवाजात म्हणाले, "डुलकी हे वाङ्मयीन तंत्र नाही."

"पण लेखिकाच..."

"लेखिकेला कशाला विचारलंत? ती काय अभ्यास मंडळावर आहे? पोरांनी 'मूल झोपले आहे' असं लिहिलं तर दोन गुण जातील. तुम्ही भरून देणार?"

"मग दुसरं कुणी बघा," मी म्हटलं. "मी नाही मारणार त्याला. माझा नवरा आहे तो."

आणि फोन ठेवला. त्याचा अर्थ त्यांनी त्यांचा लावावा.

रविवारी जेवताना सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "बाळ्या, तुझी ती सकाळची पाळी अजून असते का रे?"

"असते की. पण मी नाही घेत. का?"

"उद्यापासून घे. सकाळी पोरगी माझ्याकडे. दुपारी तू घरी आलास की तुझ्याकडे. मी दार लावून बसणार."

"अगं आई, पहाटे उठायला लागतं त्याला! झोप..."

"झोपेचं नाव काढू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या झोपेनं माझं शेवटचं प्रकरण खाल्लंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ठकीचा घास कालवण्यात गर्क. पाणी पिऊन झाल्यावर तो पुटपुटला, "सरळ विचार म्हणालो ते माझंच चुकलं," आणि साहेबांना फोन करायला उठला.

सोमवारी कॉलेजात मी सासूबाईंच्या कादंबरीतलं खिडकीचं प्रकरण शिकवलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, खिडकी म्हणजे नक्की काय लिहायचं?" मी म्हटलं, "आधी ती कुणी उघडली आणि का, ते बघ." तिनं तेवढंच उतरवून घेतलं आणि पुढे काय, म्हणून पेन उचलून बसली. डोकं धरायची वेळ आली.

घरी पोचले तर जिन्यातच ठकीचा आवाज. आत नवरा घामाघूम, एका खांद्यावर ठकी, दुसऱ्यावर तिचा टॉवेल, पायाशी सांडलेलं दूध. ठकी नुसती किंचाळत होती. सासूबाईंच्या खोलीचं दार घट्ट बंद.

"शू... आजी लिहितेय," तो तिला विनवत होता.

"बाळ्या!" आतून आवाज आला. "तिला काय हवंय ते बघ. मी उठणार नाही!"

मी पर्स टाकून ठकीला घेतलं. तेवढ्यात दार बोटभर उघडलं आणि फटीतून चष्मा दिसला.

"आलीस? एक सांग. या पुस्तकात पोर रडतंय, पहिल्याच पानावर. मला रडणं लिहायची सवय नाही गं. टाहो लिहू की भोकाड?"

"भोकाड लिहा," मी ओरडून म्हटलं, कारण ठकी कानात रडत होती. "टाहो लिहिलात तर गाईडवाले सोडणार नाहीत."

"भोकाड," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.