लहरीबाबाचा खरखरता कलश

एडवणच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील त्या दुपारी कावळ्यांच्या हवाली होते, कारण सगळं गाव लहरीबाबाच्या मांडवात. बाबा नारळ ठेवलेला तांब्याचा कलश रोग्याच्या अंगावरून फिरवायचा. शेजारी ठेवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ जिथे खरखरेल, तिथे भूत. नाडी नाही, थर्मामीटर नाही. भूतही आधुनिक, मीडियम वेव्हवर बोलणारं.

गाव मूर्ख होतं म्हणून फसलं असं नाही. होडीवर रेडिओ खरखरला की दूर कुठे वीज पडते आहे, हे इथले मासेमार जाणतात आणि वेळीच होड्या वळवतात. बाबाने नेमका हा खरा अनुभव गळाला लावला होता.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मांडवात जमनाची सून सुलू बसली होती. सातवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी वाढलेला रक्तदाब पाहून लगेच भरती व्हायला सांगितलं होतं. पण पोटाशी कलश खरखरला आणि आज्ञा झाली, भूत गप्प होईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. मी जमनाला परोपरीने विनवलं.

ती म्हणाली, "मास्तर, डाक्टरीण चुकंल, रेडिओ चुकत नाय. त्यानंच माझ्या रामाला वादळातून परत आणला हाय."

मला भयंकर राग आला, कारण ती खरखर माझ्या ओळखीची होती. मला रेडिओचा नाद. कोणती लहर किती जोरात आहे ते पडद्यावर दाखवणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर मी घरीच जुळवला आहे. त्यावर नको त्या लहरी अडवणारा फिल्टर तपासायचा तर ट्रॅकिंग जनरेटर लागतो, अ‍ॅनालायझर जी लहर पाहील तीच त्याच वेळी पुरवणारा. त्याची किंमत ऐकून बायकोने हात जोडले. मग मी साबणाच्या डबीत खरखर निर्माण करणारा झेनर डायोड, ती वाढवणारा ट्रान्झिस्टर आणि बॅटरी बसवली. ही डबी सगळ्या लहरींची खिचडी एकदम बाहेर टाकते. त्यातलं फिल्टर काय गाळतो ते पडद्यावर दिसतं, काम भागतं. रेडिओजवळ नेली तर रेडिओ नुसता खरखरतो.

धावत जाऊन डबी आणली आणि थेट बाबाच्या पोटाशी धरली. रेडिओ खरखरला.

"माझ्या ठायी देव वसतो," बाबा शांतपणे म्हणाला.

मी डबी बोंबलांच्या टोपलीवर धरली. तीच खरखर. आता बोंबलात कोण वसतं, असं मी विचारल्यावर मांडवात खसखस पिकली. तेवढ्यात सुलूचा नवरा रामा पुढे आला आणि रेडिओला कान लावून म्हणाला, "आये, वीज तडतडते नि थांबते. ही तं सलग हाय. ही आपली खरखर नाय."

जमना उठली. तिने कलशावरचा नारळ उचलला. आत बॅटरी, वायरी आणि बाबाच्या अंगठ्याखाली बटण.

बाबाला कोणी मारलं नाही, तेवढी सवड नव्हती. मासळीच्या टेम्पोत गोधडी अंथरून सुलूला पालघरला नेलं. मूल फार लहान जन्मलं, पण जगलं. सुलूही वाचली.

रेडिओ खरखरला तर होडी जरूर वळवा, बाबांनो. कलश खरखरला, तर आधी नारळ उचलून बघा.