जिन्यावरचा खोटा पहारेकरी

तो पेपर ठेव रे बाजूला, नि इकडे सरक. छप्पन्न सालची काळाचौकीतली हकीकत सांगतो, पेपरात कधी आली नाही ती.

संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं तेव्हा चाळीतल्या एका खोलीत चोरून निघायची. जिन्यात पहाऱ्याला रोज नवा माणूस, पण गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे कापड विणायच्या मागांवरचाच. त्याला त्या दिवसाचा ठरलेला शब्द दिला की दार उघडायचं. शब्द नसला तर पोलीस दार फोडेस्तोवर आतले मागच्या पत्र्यावरून पसार.

पण त्या सोमवारी पोलीस शब्द सांगूनच आत शिरले. चौघांना उचललं, त्यात पत्रकांचं सगळं काम बघणाऱ्या राजारामचा पोरगा लवू. त्या दिवशी शब्द घेऊन गेलेली एकटी दुर्गा, गिरणीत वाइंडिंगला सूत गुंडाळणारी कामगार. ती बिचारी शपथा घेत होती, शब्द पहारेकऱ्यालाच दिला म्हणून. ऐकतोय कोण? चाळभर तिचं नाव झालं, फितूर.

गुरुवारी दुसऱ्या चाळीत खोली घेतली. राजाराम म्हणाला, "आज परत तूच जा. ही खोली पण गेली, तर मग मी तुझ्या बाजूनं काय बोलणार नाही."

भर दुपारी ती जिना चढली. पहिल्या माळ्याच्या वळणावर एक जण उभा. पांढरी टोपी, छातीवर बिल्ला. हसून म्हणाला, "ये दुर्गाताई. शब्द काय आजचा?"

सोमवारी जिन्यात शब्द घेणारा पण असाच गोड होता. खोटा असला नि शब्द दिला, तर आणखी चार घरं उघडी पडणार नि ती जन्माची फितूर.

साचेखात्यात खडखडाट एवढा, की माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. दुर्गेनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले. तुझ्या टोपीवर झुरळ बसलंय.

टोपीला हात गेला नाही. "मोठ्यानं बोल ना बाई," तो म्हणाला.

शब्दच विसरले मेली, विचारून येते, असं पुटपुटत ती उतरली. पळाली नाही. अंगणात येऊन वर बघितलं. तिसऱ्या माळ्यावर त्या खोलीबाहेर कठड्याशी साचेखात्यातला एक जण विडी ओढत होता. तिनं पुन्हा ओठ हलवले. खाली जिन्यात पोलीस.

त्यानं विडी विझवली नि आत गेला.

पोलिसांनी दार फोडलं, तर आत नुसता शाईचा डबा. संध्याकाळी राजाराम अख्ख्या चाळीसमोर बोलला, माझ्या लवूला हिनं नाही धरून दिलं. बाप बोलला, आणखी काय पाहिजे?

तरी त्याच चाळीत वाढलेली तुझी आत्या अजून तिला फितूरच म्हणते. आज घरी गेलास की तिला हे सगळं सांग बाबा, एवढं काम कर माझं.