मंगळवारची गाडी

मित्रांनो, राजोडीला ॲन्सेल्मच्या वाडीत, विहिरीच्या पलीकडे माडाखाली एक पांढरी गाडी उभी आहे. ती मी. टपावर झावळ्या पडतात. आत कोंबड्या अंडी घालतात. सुट्टीत समुद्रावर आलेली मुलं खिडकीतून डोकावतात आणि विचारतात, ही भंगारात का नाही देत? मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. मी म्हातारी झाले, पण माझा राग म्हातारा झालेला नाही. आज तो तुम्हाला सांगणार आहे.

१९९४ साली पुण्याजवळच्या कारखान्यात मी तयार झाले. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रतिष्ठानानं मला विकत घेतलं आणि नालासोपाऱ्याच्या 'आरोग्य सोबत' मंडळाला दान दिलं. कंपनीचं नाव मी सांगत नाही. ते माझ्या दोन्ही कुशींवर आणि पाठीवर हातभर मोठ्या अक्षरांत होतं. 'रुग्णवाहिका' हा शब्द त्याच्या खाली होता, बोटभर उंचीचा. तेव्हाच मला कळायला हवं होतं की यातलं खरं काम कोणतं.

मंडळ म्हणजे मंदाताई. त्या मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका होत्या. लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी राहत्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत हे काम सुरू केलं. त्यांचे यजमान जगन्नाथराव विमा कंपनीत कारकून. बोलायला कमी. त्यांची नजर कमी होती म्हणून गाडी चालवता येत नव्हती, नाहीतर त्यांनी तीही चालवली असती. माझा चालक ॲन्सेल्म, राजोडीचा. तिघं मिळून मला घेऊन दर मंगळवारी चांदीपला जायचे. मंगळवारी तिथल्या वीटभट्ट्यांना सुट्टी असायची आणि पाड्यावरच्या बाया घरी सापडायच्या. गरोदर बायांची तपासणी, पोरांना लस, आणि ज्याला दवाखान्यात न्यायचं त्याला मी न्यायची. जगन्नाथराव त्यासाठी कचेरीतून मंगळवारची रजा काढायचे. नाही मिळाली तर पगार कापून घ्यायचे.

पहिल्याच मंगळवारी पुतळाबाई नावाची एक सुईण माझ्याभोवती फेरी मारून आली. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं दिसत होती.

"ही गाडी कोनाची गं बाय?"

"तुमची," मंदाताई म्हणाल्या.

"मंग वर काय लिवलंय?"

"ज्यांनी दिली त्यांचं नाव आहे."

"माझ्या बापानं मला लग्नात म्हस दिली," पुतळाबाई म्हणाली. "तिच्या पाठीवर नाव नाय लिवलं."

ॲन्सेल्म स्टीअरिंगवर डोकं टेकून हसला. मंदाताईही हसल्या. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग डिझेल आलं आड. मित्रांनो, गाडी दान मिळते, डिझेल मिळत नाही. चालकाचा पगार तर नाहीच नाही. मंदाताईंनी तेव्हापासून कंपन्यांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. त्या शिकत गेल्या. कंपनीच्या वार्षिक अहवालाची मागची पानं वाचायची, तिथे कुणाला काय दिलं ते छापलेलं असतं. कंपनीत देणग्यांचं बघणाऱ्या बाईंना सकाळी फोन करायचा नाही, जेवणानंतर करायचा. मार्च संपायच्या आत अर्ज पोचवायचा, कारण तेव्हा उरलेले पैसे संपवायची घाई असते. एक प्रतिष्ठान फक्त मुलींच्या शिक्षणाला द्यायचं. दुसरं फक्त डोळ्यांच्या आजारांना.

"बाई, डिझेलला डोळे असते तर काम झालं असतं," ॲन्सेल्म म्हणायचा.

उत्तरं यायची. भाषा वेगळी, मजकूर एकच. 'आपलं कार्य स्तुत्य आहे, परंतु चालू खर्च आमच्या धोरणात बसत नाही.' मंदाताई असं उत्तर माझ्या पुढच्या सीटवर बसून वाचायच्या आणि काचेबाहेर बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, गाडी धोरणात बसते. गाडी चालवणारा बसत नाही. त्याला काय टपावर बसवू?"

"पुन्हा लिही," जगन्नाथराव म्हणाले. दुसरं काही म्हणायला त्यांना येत नव्हतं.

माझं स्वतःचं सांगते. दर वर्षी अहवालाचे फोटो काढायच्या आधी कंपनी मुंबईहून रंगारी पाठवायची. माझ्या अंगावरचं त्यांचं नाव पुन्हा कोरं करकरीत व्हायचं. टायर मात्र गुळगुळीत झाले होते. चांदीपच्या वाटेवर, पारोळच्या चढावर माझं इंजिन धापा टाकायचं. रंगाचे पैसे धोरणात बसत होते. टायर बसत नव्हते. उपाशी माणसाच्या तोंडाला पावडर लावून त्याला मिरवतात, तसं ते मला वाटायचं. आणि काही मंगळवारी तर मी जागची हलतच नव्हते. टाकी कोरडी, ॲन्सेल्मचा दोन-दोन महिन्यांचा पगार थकलेला, आणि मी इमारतीखाली नव्या रंगात उभी. चांदीपला बाया रस्त्याकडे बघत असतील हे मला माहीत होतं.

कंपनीतर्फे सुरुची नावाची मुलगी पाहणीला यायची. मुलगी वाईट नव्हती. पण तिला फोटो न्यावे लागत. एकदा तिनं तापानं फणफणलेल्या एका बाईला माझ्या शेजारी उभं केलं आणि सांगितलं, "ताई, जरा डावीकडे सरका ना, नाव झाकतंय."

"सुरुची, तिला ताप आहे," मंदाताई म्हणाल्या. "तू नावाचा फोटो काढ. बाईला आत बसू दे."

सुरुची ओशाळली. फोटो मात्र तिनं काढला.

२००१ च्या मे महिन्यात तिचा फोन आला. प्रतिष्ठानाला पंचवीस वर्षं झाली होती. मुंबईत कंपनीच्या मैदानावर मोठा समारंभ होता. मंदाताईंनी फोन ठेवला आणि त्या खाली माझ्यापाशी आल्या. जगन्नाथराव आणि ॲन्सेल्म माझं चाक बदलत होते.

"त्यांना समारंभात आपली गाडी उभी करायची आहे," त्या म्हणाल्या. "विश्वस्तांनी ती डोळ्यांनी पाहिली की डिझेल आणि चालक, दोन्ही तीन वर्षांसाठी मंजूर होईल असं सुरुची म्हणते."

"कधी आहे?"

"मंगळवारी."

जगन्नाथरावांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंगळवारी चांदीप असतं."

"एका मंगळवारावर तीन वर्षांचे मंगळवार मिळतायत हो. तुम्ही आणि ॲन्सेल्म गाडी घेऊन जा. मी एसटीनं चांदीपला जाते."

"उन्हात?"

"मी काय लोणी आहे?"

ॲन्सेल्म म्हणाला, "बाई, आमच्या चर्चच्या फादरना सांगून तुमच्यासाठी दुसरी गाडी बघू का?"

"नको. एवढी सहा वर्षं मागतेय. आता देतायत तर मुकाट्यानं जा."

मित्रांनो, माझी सगळी चीड या ठिकाणी येऊन थांबते. ज्या गाडीनं मंगळवारी चांदीपला जायचं, तिला मंगळवारी चांदीपला जाता यावं म्हणून मंगळवारी मुंबईला बोलावलं. त्या मोठ्या कचेरीत एकालाही हे विचित्र वाटलं नाही.

मला धुतलं, पुसलं, चकचकीत केलं. मैदानावर हिरव्या गालिच्यावर उभं केलं. नाकावर झेंडूचा जाडजूड हार घातला. पुढे खुर्च्यांच्या रांगा मांडल्या. "लगीन लावतायत आपलं," ॲन्सेल्म माझ्या कानाशी म्हणाला. जगन्नाथराव मंदाताईंनी इस्त्री करून दिलेला शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. मोठे साहेब भाषण करत होते. "आमची ही गाडी," असं ते दर वाक्याला म्हणत होते.

भाषण चालू असताना एक शिपाई जगन्नाथरावांना शोधत आला. पारोळच्या दुकानातून कंपनीत फोन आला होता. मंदाताई पाड्यावरून दुसऱ्या पाड्याकडे चालत जाताना खाली पडल्या होत्या. छातीत दुखत होतं. लसीची पेटी पुतळाबाईनं उचलली होती आणि गाडी कधी येते ते विचारायला माणूस धावत पाठवला होता.

जगन्नाथराव उठले आणि सरळ माझ्याकडे आले. कार्यक्रमाच्या प्रमुखानं त्यांना अडवलं.

"काका, जरा थांबा. पाहुण्यांच्या हस्ते किल्ली देण्याचा प्रसंग राहिलाय. एवढ्या खुर्च्यांतून गाडी निघणार कशी?"

"माझी बायको पडली आहे."

"हो, पण भाषण..."

जगन्नाथरावांनी पुढची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी. सुरुचीनं तिसरी उचलली. एवढं तिच्या बाजूनं मला सांगितलंच पाहिजे. ॲन्सेल्मनं मला चालू केलं, आणि मी गालिचा तुडवत, माणसं बाजूला करत बाहेर पडले. साहेबांचं भाषण माझ्या भोंग्यात बुडालं. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं.

हार काढायला कुणाला सुचलं नाही. महामार्गावर लोकांनी हार घातलेली रुग्णवाहिका पाहिली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडले. वसई फाट्यावर एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. पुढच्या सीटवर जगन्नाथराव बसले होते, मंदाताईंच्या जागेवर. त्यांनी ते हात पाहिले.

शिरसाड फाट्यावर विटांचा एक ट्रक समोरून आला आणि पुतळाबाईनं त्यातून हात केला. विटांवर गोणपाट टाकून मंदाताईंना आणलं होतं. चौघांनी त्यांना उतरवून माझ्या स्ट्रेचरवर ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या स्ट्रेचरवर शेकडो माणसं झोपवली होती. त्या स्वतः तिथे पहिल्यांदाच आडव्या झाल्या.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

खरंच वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी चांदीपला नव्हते. मी हिरव्या गालिच्यावर होते.

जगन्नाथरावांनी दवाखान्याच्या दारातच माझ्या नाकावरचा हार ओढून तोडला. त्यातलं एकही फूल त्यांनी मंदाताईंना वाहू दिलं नाही. पुतळाबाई फुलं गोळा करायला वाकली तर म्हणाले, "राहू दे. ती त्यांची फुलं आहेत."

पावसाळ्यानंतर प्रतिष्ठानाची माणसं नालासोपाऱ्याला आली. डिझेल आणि चालकाचं मंजूर झालं नव्हतं. विश्वस्तांनी त्याऐवजी मंदाताईंच्या स्मरणार्थ नवी कोरी रुग्णवाहिका द्यायचं ठरवलं होतं. ती माझ्या शेजारी आणून उभी केली. वर मंदाताईंचं नाव होतं, आणि त्याच्यावर, त्याहून मोठं, कंपनीचं. इमारतीतली माणसं जमली. कार्यक्रमप्रमुखानं किल्ली पुढे केली. सुरुची मागे उभी होती, खाली मान घालून.

"ही चालवणार कोण?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"चालक मंडळानं नेमायचा."

"आणि डिझेल?"

"काका, तो स्थानिक सहभाग. थोडी जबाबदारी समाजानंही घ्यायला हवी ना."

"समाजानं विटांच्या ट्रकमधून आणली तिला," जगन्नाथराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीवर मला तिचं नाव नको. ती उभी राहणारी बाई नव्हती. घेऊन जा."

कुणाला खरं वाटलं नाही. एक शेजारी समजावायला गेला, "जगन्नाथराव, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नये."

"लक्ष्मी असती तर डिझेल भरून आली असती," ॲन्सेल्म म्हणाला.

नवी गाडी परत गेली. बरेच दिवस लोक जगन्नाथरावांना वेडा म्हणत होते. अजूनही म्हणतात. मी म्हणत नाही.

त्या रविवारी जगन्नाथराव रंग खरवडायची पत्र्याची पट्टी घेऊन माझ्यापाशी बसले आणि त्यांनी कंपनीचं नाव एकेक अक्षर करून माझ्या अंगावरून काढलं. खाली आधीच्या वर्षांचे रंग होते, थरावर थर. ते सगळे काढले. माझा पत्रा दिसला तेव्हा थांबले. मग एसटीवर पाटी असते तशी एक ओळ त्यांनी ब्रशनं लिहिली. 'दर मंगळवारी – चांदीप.' अक्षर वाकडं आलं.

पुढे मी चालले ती लोकांवर. राजोडीच्या कोळ्यांनी एका मंगळवारचं डिझेल दिलं, वाडीवाल्यांनी एका मंगळवारचं, भट्टीवरच्या बायांनी मिळून एका. ॲन्सेल्म मंगळवारी फुकट यायचा आणि बाकीचे दिवस दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. मंदाताईंच्या जागी एक निवृत्त परिचारिका यायच्या. सगळे मंगळवार जमले नाहीत. खोटं कशाला सांगू? महिन्यात दोन व्हायचे, कधी तीन. पण मी गेले त्या दिवशी चांदीपलाच गेले. २००८ ला माझं पासिंग झालं नाही, तेव्हा ॲन्सेल्मनं मला इथे आणलं.

जगन्नाथराव अजून येतात. पुढच्या डाव्या सीटवरच्या कोंबड्या हाकलतात आणि थोडा वेळ बसतात. ॲन्सेल्म चहा आणतो. दोघं माझ्याबद्दल बोलत नाहीत, मंदाताईंबद्दलही बोलत नाहीत. पावसाबद्दल बोलतात.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठ्या कंपन्यांत बसाल. एखाद्या दिवशी तुमच्यासमोरच्या खुर्चीवर कुणी मंदाताई अर्ज घेऊन बसलेल्या असतील. त्यांना गाडी द्या, यंत्र द्या, इमारत द्या. पण ती चालवणाऱ्या माणसाचं पोट विचारल्याशिवाय देऊ नका. नाव लिहायची हौस असेल तर लिहा, बोटभर लिहा. आणि देण्याच्या बदल्यात त्यांच्याकडून काही मागायचं झालं तर काहीही मागा. फक्त त्यांचा मंगळवार मागू नका.