साहेबाचे पाय

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत-बडग्यांची, म्हणजे मिरवून जाळायच्या पुतळ्यांची, मिरवणूक हे जनतेचं सर्वोच्च न्यायालय आहे, असं मोरेश्वर हेडाऊंचं ठाम मत होतं. यंदा अडचण इतकीच होती की आरोपी गल्लीबाहेर निघत नव्हता.

आरोपी म्हणजे वीज कार्यालयाचा साहेब. बांबू आणि कागदाचा, चौदा फुटी बडग्या. गळ्यात पाटी : ‘लोंबत्या तारा, तीन वर्षं, अकरा अर्ज’. त्याच तारा गल्लीच्या तोंडाशी बारा फुटांवर लोंबत होत्या. मोरेश्वरराव सकाळपासून बडग्या ते तारा, तारा ते बडग्या अशा येरझारा घालत होते. एकवीस वर्षांत त्यांच्या बडग्याची मिरवणूक चुकली नव्हती, आणि बाहेर ताशे वाजू लागले होते.

“मोजून काऊन नाही बनवला?” ओट्यावरून बायकोनं, कौसल्याबाईंनी विचारलं.

“साहेब मोठा आहे. लहान कसा दाखवू?”

“मंग मोठ्याले घरीच ठेवा. चहा पाजते मी त्याले.”

शेवटी त्यांनी कार्यालयात फोन लावला. मिरवणूक अडली म्हणताच अर्ध्या तासात ठवकर वायरमन शिडी घेऊन हजर. त्यानं मान वर करून बडग्या पाहिला.

“मिशी जमली भाऊ. अशीच आहे साहेबांची.”

“अकरा अर्ज केले, तवा नाही आला कोणी.”

“अर्ज तारेत अडकत नाही ना भाऊ. हा अडकते.”

तारा उचलून टेकवायला दोन लांब बांबू हवे होते. सणामुळे बांबू-लाकडाची टाल बंद. गल्लीत तसे बांबू दोनच होते, आणि ते साहेबाच्या पायांतून पार डोक्यापर्यंत गेले होते.

मोरेश्वररावांनी दोनदा नाही म्हटलं. पिवळी मारबत चौकात आल्याची ओरड ऐकू आली, तेव्हा स्वतःच कोयता घेऊन बसले. पाय निघाले तसा साहेब हातगाडीवर मटकन बसला. कौसल्याबाईंनी त्याच्याखाली घरातली खुर्ची सरकवली.

“आता खरा साहेब वाटते,” त्या म्हणाल्या.

ठवकरनं तारा बांबूंवर चढवल्या आणि बडग्या निघाला. बसलेला साहेब गाडीसकट नऊ फूट भरत होता. तारा न उचलताही तो खालून गेला असता, हे मोरेश्वररावांच्या ध्यानात चौकात आलं. ‘इडापीडा घेऊन जा गे मारबत’च्या गजरात त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

दुपारी साहेब जळाला. त्याला आठ महिने झाले. तारा अजून त्याच्याच पायांवर उभ्या आहेत. कार्यालयाच्या वहीत अकराही तक्रारी मिटल्याची नोंद आहे.