खडूची रेघ

“काकू, अहो या दोन्ही बाह्या डाव्याच!” नर्सबाईंनी युनिफॉर्म शिवणयंत्रावर पसरला. “मी काय उजवा हात खिशात घालून इंजेक्शनं देऊ?”

शिवणकाकूंनी बाह्या खिडकीपाशी नेल्या. पण शेजारच्या कुलूपवाल्याची झाडं कुंपण ओलांडून अशी माजली होती की काकूंच्या खोलीत सकाळ व्हायची ती दुपारी तीनला. कावळे तर भर बाराला परतून पिल्लांना झोपवायचे. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा!

‘काकूंचे डोळे गेले’ अशी बोंब व्हायला ही एक बाही पुरे होती. चाळीस वर्षांचा हात, आणि महिन्याभरात दोन गिऱ्हाइकं आधीच दुसरीकडे गेलेली.

झाडं कुलूपवाल्याच्या बायकोने लावलेली. काकूंची जिवाभावाची मैत्रीण. ती गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याने पानाला बोट लावलं नव्हतं, आणि काकूंना तोंड उघडवत नव्हतं.

आज मात्र गळ्यात टेप आणि हातात खडू घेऊन त्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या.

“भावजी, झाडांची मापं घ्यायला आलेय.”

“वहिनी, तिच्या हातची आहेत ती.”

“तिच्या हातात कात्री असायची, विसरलात? दरवर्षी छाटायची. तुम्ही शिडी धरायचात आणि बोलणी खायचात.”

कुलूपवाल्याने आतून करवत आणली. मग म्हणाला, “शिडी हलायचीच हो माझ्याकडून. कुठून कापू?”

काकूंनी स्टुलावर चढून फांदीफांदीवर खडूची रेघ मारली आणि घरी येऊन बाही उसवत बसल्या. दुपारभर करवत चालली.

संध्याकाळी पाहतात तो झाडांत भलंमोठं भगदाड! काकूंनी सवयीने आखली होती ती शिवणीची रेघ. कापायचं तिच्या बाहेरून, शिवणीपुरती जादा माया सोडून. आणि झाडासारख्या दांडग्या गिऱ्हाइकाला माया हातभर तरी हवी. हे कुलूपवाल्याला कुठून कळणार? त्याने इमानाने बरोब्बर रेघेवर करवत चालवली होती.

“अहो, जास्तच गेलं की!”

“फुटतील परत,” पलीकडून आवाज आला. “तिचीच आहेत. हट्टी.”

भगदाडात तो घाम पुसत उभा होता. शर्टाला बटणांऐवजी किल्ल्या ओवायची तार! तीन वर्षं हा असा हिंडतोय आणि आपल्याला पत्ता नाही?

“तो शर्ट द्या इकडे.”

“चालतंय, वहिनी.”

“मला नाही चालत.”

सकाळी ऊन थेट शिवणयंत्राच्या पायट्यापर्यंत आलं. छाटलेल्या फांदीच्या खुंटाला धुतलेला शर्ट टांगलेला होता. खिशात मैत्रिणीच्या डबीतली पाच बटणं.

काकूंनी आधी नर्सबाईंची उजवी बाही बसवली. मग शर्ट मांडीवर घेतला, दोरा ओठांत ओला केला आणि सुई उन्हात धरली.

पहिल्याच खेपेला ओवली.