रिकामा काटा कुठे थांबतो

“माईचा हात आता थकला, प्रेमदास. मानापुरतं बोलवत जाऊ, बाकी तुझा काटा हायेच. पण माईले हे सांगू नको बाप्पा.”

नर्सबाई कमलाबाई अंगणात सायकलचं हँडल धरून हे म्हणाल्या. दाराआड प्रेमदासची बायको जयवंता पाट्यावर तिखट वाटत होती. तिचा वरवंटा थांबला. मीही ऐकलं, कारण त्याच दाराच्या खिळ्याला मी टांगलेला होतो. ते आम्हा दोघांच्याही कानांसाठी नव्हतं. तिनं वरवंटा पुन्हा ओढायला घेतला, जरा जोरातच.

मी ताणकाटा. बाळं तोलणारा. आता मी काही तोलत नाही. वर्ध्याच्या एका वर्कशॉपमध्ये भिंतीवर असतो. नवा माणूस कामाला लागला की मला खाली काढून दाखवतात आणि सांगतात, “असा बनवायचा नाही.” इतका उपयोग तरी कितीजणांचा होतो?

माझा जन्म त्याच वर्कशॉपमधला, एक्याऐंशी सालचा. दवाखान्याच्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वाफेची भांडी तिथं दुरुस्तीला येत आणि प्रेमदास तिथं फिटर होता. सायकलच्या पंपाची नळी, एका मोडक्या काट्याची स्प्रिंग आणि स्वतः वाकवलेला आकडा, एवढ्यात त्यानं मला उभा केला. नळीला उभी फट पाडली, तिच्यातून सुई वर-खाली व्हायची. फटीच्या एका बाजूला त्यानं तीन रंग दिले, वरून खाली लाल, पिवळा, हिरवा. दुसऱ्या बाजूला नर्सबाईंसाठी पाच किलोपर्यंतच्या रेघा मारल्या.

रंग त्याच्या आईसाठी होते. रुख्माबाई म्हणजे हिंगणीच्या पुढच्या तीन-चार गावांची सुईण. सगळे तिला माई म्हणत. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण जन्मलेलं पोर डाव्या हातावर घेतलं की ते पुरं भरलंय की नाही हे तिला कळायचं. दवाखान्यातले लोक मात्र विचारत, “वजन किती?” ते तिला आकड्यात सांगता यायचं नाही. म्हणून लेकानं सांगितलं, “माय, लाल दिसला का गाडी धराची. पिवळा दिसला का जपाचं. हिरवा दिसला का बारशाचं पाहाचं.”

“पोरगं काय बाजारातला कांदा हाय, टांगून तोलाले?” असं ती म्हणाली खरी, पण मला पिशवीत घातलं. लेकानं केलेली वस्तू होती.

त्याच आठवड्यात जयवंता लग्न होऊन या घरात आली, आष्टीकडून. माझी झोळी तिनं शिवली, आपल्या एका मऊ लुगड्याची. सासूच्या मते ती शांत होती, सासऱ्याच्या मते गरीब, शेजारणीच्या मते घमेंडी. ती बोलत नव्हती एवढंच खरं, बाकीचं ज्यानं त्यानं आपापल्या घरून आणलेलं.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी अकरा बाळं तोलली. माणसं मोठी गमतीची. बाप आत येऊन आधी पोराचं तोंड पाहायचे, ते आता विचारू लागले, “कोणता रंग आला?” एका आजीनं हिरवा यावा म्हणून नातवाच्या पायात चांदीचे वाळे, हातात बिंदल्या आणि गळ्यात ताईत घालून त्याला झोळीत ठेवलं होतं. रुख्माबाईनं एकेक दागिना काढला आणि म्हणाली, “आता पोरगं तोलू दे वं बाई, सोनार मंग बलाव.”

ती मात्र आपली रीत सोडत नसे. बाळ आधी हातावर घ्यायची, डोळे मिटायची, मग माझ्याकडे द्यायची. अकराही वेळा तिचा हात आणि माझी सुई एकच बोलले. पण लोक तिच्या हाताकडे पाहिनासे झाले. मी दिसत होतो, तिच्या हातातलं कोणाला दिसत नव्हतं.

नर्सबाईंचं ते वाक्य याच दिवसांतलं.

मग कापूस फुटला. सासरे नत्थूजी यांचं चार एकर होतं. वेचणीचा दिवस संपत आलेला, बाया घरी जायची वाट पाहत बांधावर बसलेल्या, आणि तराजूची साखळी ऐन वेळेला तुटली.

“सूनबाई, घरी जा अन् प्रेमदासचा काटा आन बरं.”

“मामाजी, तो पोरायचा...” जयवंता एवढंच बोलली.

“काटा तं काटाच असते. आन लवकर.”

तिनं मला आणलं. नत्थूजींनी बोरीच्या फांदीला दोर बांधला, मला अडकवला, आणि सून एकेक गठुडं माझ्या आकड्याला लावत गेली. माझ्या रेघा पाच किलोपर्यंतच्याच. सुई शेवटच्या रेघेखाली गेली की नत्थूजी म्हणायचे, “पाच.” गठुडं नऊचं असो की दहाचं, पाचच. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एकजण म्हणालीच, “बुढेबाबा, तुमचा काटा लय खाते हो!” सगळ्या हसल्या. नत्थूजी दुसऱ्या दिवशी साखळी जोडून पुन्हा तोलू म्हणाले आणि गठुडी घरी आली.

मला हसू आलं नाही. लोखंडाला ताणायची एक हद्द असते. तिच्या अलीकडून सोडलं तर ते परत येतं, पलीकडे नेलं तर येत नाही. पुढं माझ्यासारखे जे काटे झाले, त्यांच्या नळीत आडवा खिळा ठोकलेला आहे, हद्दीच्या पुढं स्प्रिंग जाऊच नये म्हणून. मला तो नव्हता.

जयवंतानं मला घरी आणून पुसलं, खिळ्याला टांगलं आणि तिथंच उभी राहिली. आकड्याला काही नव्हतं, झोळीही नव्हती, तरी सुई पहिल्यासारखी वरच्या टोकाला गेली नव्हती. बोटभर खाली उभी होती. तिनं बोटानं ती वर ढकलली. बोट काढलं, सुई पुन्हा खाली आली. असं तिनं तीनदा केलं.

माझी एक विनंती आहे, ती इथंच सांगून टाकतो. तुमच्याकडे माझ्या जातीचं काही असेल, ताप पाहायचं, रक्ताचा दाब पाहायचं, वजनाचं, तर त्यावर माणूस ठेवण्याआधी ते रिकामं असताना एकदा पाहा. खरंखोटं तिथंच कळतं. पण रिकाम्या काट्याकडे कोण पाहतो?

रविवारी प्रेमदास घरी आला की त्याला सांगू, असं तिनं ठरवलं असावं, कारण त्या दिवशी ती सकाळपासून माझ्याकडे चार वेळा पाहून गेली. पण तो आला तोच आनंदात.

“माय, दवाखान्याच्या साहेबानं काटा पास केला! असे बारा बनवाले सांगतले. गावोगावच्या सुइणीले देनार हायेत.”

“माया लेकाचं डोकं हाय ते,” नत्थूजी म्हणाले. रुख्माबाईही हसली, जरा उशिरानं.

जयवंता भाकर वाढत होती. तिचं तोंड उघडलं. मी खिळ्यावर श्वास रोखून होतो, म्हणजे काट्याला जमेल तितका. ती म्हणाली, “भाजी वाढू का अजून?”

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांची सून. सांगायचं तर सासऱ्याचं नाव येणार, नवऱ्याची वस्तू बिघडली म्हणायची, आणि तीही अशा दिवशी. शिवाय त्या आठवड्यात गावात कोणाचे दिवस भरले नव्हते.

पण पोरं दिवस मोजून येत नाहीत. शनिवारी सकाळी बंडूजीची बायको लीला बाळंत झाली, तीन आठवडे आधी. मुलगी. रुख्माबाईनं तिला डाव्या हातावर घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

“हलकी हाय,” ती म्हणाली. “अंबाडीच्या जुडीएवढी लागून राह्यली. हे पोरगी वर्ध्याले न्या लागते.”

नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी मुलीला झोळीत घातलं आणि मला छताच्या मयालाला बांधलेल्या दोराला लावलं. मी हिरवा दाखवला. मला दाखवायचा नव्हता. त्यातला निम्मा रंग त्या मुलीचा होता, उरलेला कापसाचा.

“हिरवा हाय माई, चांगली हाय पोरगी,” नर्सबाई म्हणाल्या. रुख्माबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग आपल्या तळहाताकडे.

रविवारी दुपारी पुन्हा बोलावणं आलं. मुलगी ओढून पीत नव्हती. रडली तर मांजरीच्या पिलासारखी. पाय थंड. रुख्माबाई निघाली, मागून मला घेऊन जयवंता. प्रेमदास घरीच होता, तोही आला आणि त्याच्यामागून नत्थूजी. नर्सबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बंडूजीच्या ओसरीवर सगळी बसली. तीनची एसटी पारापाशी येऊन उभी राहिली होती. ती तिथं दहा मिनिटं थांबायची, त्यानंतरची थेट दुसऱ्या दिवशी सकाळीच.

“आत्ताच्या आत्ता नेलं पायजे,” रुख्माबाई म्हणाली.

बंडूजीची आई सीताबाई उंबऱ्यातच बसली. “ओल्या बाळंतिणीले अशा थंडीत एसटीनं नेऊ? बारावं तं होऊ द्या. माई, तुमी सवताच दहा घरी सांगता, बाराव्यापर्यंत उंबरा ओलांडू नका म्हणून.”

“सांगतो. अन् आज सांगून राह्यलो का ओलांडा.”

“पुन्हा तोलून पाहू,” नर्सबाई म्हणाल्या. पुन्हा मुलगी झोळीत. पुन्हा हिरवा. कालच्यापेक्षा केसभर वर, पण हिरवाच.

बंडूजी हात जोडून म्हणाला, “माई, रागवू नका. पण काटा हिरवा हाय नं. तुमच्या प्रेमदासनंच बनवला.”

“काट्यापुढं हाताचं काय चालते बाप्पा,” नत्थूजी हसून म्हणाले.

प्रेमदास आईकडे पाहत नव्हता. नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ‘बघ, मी म्हटलं होतं,’ अशा नजरेनं. ती नजर जयवंतानं पदराआडून पाहिली.

रुख्माबाई उठली. तिनं आपली पिशवी काखेत मारली. “मंग मले काऊन बलावलं? माया हातच खोटा झाला तं...” चाळीस वर्षांत बाळंतिणीच्या घरून ती अशी अर्ध्यातून कधी निघाली नव्हती. पारापाशी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

तेव्हा जयवंता पुढं आली. तिनं झोळीतून मुलीला उचललं आणि सासूच्या हातावर ठेवलं, त्या डाव्याच हातावर. मग माझ्या आकड्याची झोळीही काढून घेतली आणि मला दोरासकट नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं. रिकामा.

प्रेमदास फिटर होता. त्याला एक नजर पुरली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यानं सुई बोटानं वर ढकलली, ती खाली आली.

“स्प्रिंग गेली. याले काय टांगलं होतं? कोनं टांगलं?”

नत्थूजी वाकून वहाणेचा अंगठा नीट करू लागले, जो नीटच होता. ओसरीवरची सगळी माणसं जयवंताकडे पाहत होती. त्यातल्या बऱ्याचजणांनी तिचा आवाज अजून ऐकलाच नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली पाहिलं नाही, आणि पारावरही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“कापसाची गठुडी टांगली. म्या टांगली, अन् आठ दिवस सांगतलं नाई. काटा खोटा हाय, आत्याबाईचा हात खरा हाय. बंडूभाऊ, पळत जा अन् गाडी थांबवा. पोरीले आत्याबाई घेतीन, लीलाले म्या धरून आनतो.”